मासोळीचे घर

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या घरात केरसुणी आणि सौभाग्यवती यांचे राज्य सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात. आई अधूनमधून "अरे, ते असू दे" म्हणते. पण त्या धामधुमीत तिचे कोण ऐकतो? मीही या राज्याचा एकनिष्ठ प्रजाजन होतो. निदान एक तलाव साफ करीपर्यंत तरी होतो.

त्याचे असे झाले. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडकडच्या एका खेड्यात होते. हा मुलूख तलावांचा. तलाव बांधील त्याला जमीन, असा गोंड राजांच्या अमलातला रिवाज. पुढे मालगुजारांनी तो वारसा सांभाळला. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव मात्र राहिले.

त्या गावच्या तलावात एक जुना अर्जुनवृक्ष काठालगत आडवा पडला होता. साल गळालेली, बुडालेल्या फांद्यांना शेवाळ लोंबलेले. मला ते फार गलिच्छ वाटले. चाळीस मुले, दोन दोरखंड आणि एक ट्रॅक्टर. दुपारपर्यंत झाड काठावर आले. आम्ही त्याच्यासमोर उभे राहून फोटोही काढला.

संध्याकाळी खांद्यावर जाळे टाकून एक वृद्ध ढिवर आले. ओल्या फांदीवरून हात फिरवीत, न रागावता म्हणाले, "सर, मासोरीचा घर मोडला ना जी तुमी!"

'ळ'चा 'र' करणारी ही झाडीबोली मी वर्गात मोठ्या कौतुकाने समजावून देतो. त्या संध्याकाळी मला मान वर करवेना.

मग त्यांनीच मला धडा दिला. बुडालेल्या लाकडावर शेवाळ धरते, त्यात किडे पोसतात, किड्यांसाठी बारीक मासे येतात. मोठा मासा मागे लागला की पिले फांद्यांच्या जंजाळात शिरतात. शिवाय फांद्या असल्या की तिथे जाळे ओढता येत नाही. "जारा फाटते जी, पन मासोरी वाचते." फाटणारे जाळे त्यांचेच होते!

घरी आल्यावर मी पुस्तके धुंडाळली. बंगाल-आसामकडे बिलांत फांद्यांचे भारे बुडवितात. पश्चिम आफ्रिकेत बेनिनच्या खाजणांत कोळी फांद्यांची बनेच रोवीत असत. अमेरिकेत नाताळ सरला की त्याची झाडे दगड बांधून तलावांत सोडतात. मात्र पालेदार फांद्यांचा ढीग लहान बोडीत टाकू नये. पाला कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. पाला झडलेले लाकूड बरे. कायम पाण्याखाली राहिले तर ते वर्षानुवर्षे टिकते. याचा अर्थ तलाव साफच करू नये असा नव्हे. पाणी अडवून बसणारी बेशरम उपटावीच लागते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे ढिवरांनी ती उपटली आणि तिथल्याच पाणवनस्पती पुन्हा लावल्या. काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे त्यांना ठाऊक होते. मी त्यांना विचारले नव्हते, एवढेच.

शिबिराच्या अखेरच्या दिवशी आम्ही ते झाड परत पाण्यात लोटले. दगड बांधून बुडवायला काढण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. या वेळी फोटो काढायचे कुणाला सुचले नाही.

पुढल्या पावसाळ्यात मी मुद्दाम तिकडे गेलो. बुडालेल्या फांद्यांशेजारी तांबूस पिलांचा एक थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी वळवळत होता. खाली मरळ राखण करीत असावी. ते ढिवरबाबा भेटले. त्यांनी बोटानेच मला गप्प राहण्याची खूण केली आणि जाळे घेऊन तलावाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले.

यंदाही आमच्याकडे साफसफाई सुरू झाली आहे. माळ्यावर चढण्याआधी मी आता आईला विचारतो.