अजिंठ्याचीं छतें आणि पावसाचें पाणी

अजिंठ्यास जाणारे प्रवासी बहुधा पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीपाशींच रेंगाळतात. मान वर करून छत निरखणारा विरळा. वस्तुतः तेथील छतेंही तितकींच प्रेक्षणीय आहेत. दुसऱ्या लेण्यांत एके ठिकाणीं छतावर हंसांची मालिका वर्तुळांत फेर धरून चालली आहे. एका हंसाची ढब दुसऱ्यासारखी नाहीं. आम्ही तेथें श्रावणांत गेलों होतों. चित्रांच्या मध्येंच जागोजाग गिलावा गळून उघडा पडलेला काळा पाषाण पाहून मन खिन्न झालें.

या हानीस वटवाघुळें, कीटक व चित्रांचे तुकडे काढून नेणारे लोकही कारण झाले. परंतु पाणी हें एक प्रमुख कारण होय. डोंगर अखंड दिसला तरी त्याच्या खडकास भेगा आहेत. माथ्यावर पडलेला पाऊस त्यांतून झिरपत छतापर्यंत येतो. चित्रें खडकावर काढलेलीं नसून, भुसा व वनस्पतींचे तंतू घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेलीं आहेत. माती भिजली कीं फुगते, वाळली कीं आकसते, आणि हळूहळू खडकाचा आधार सोडते. छताच्या गिलाव्यास तर स्वतःचाच भार खालीं ओढीत असतो.

निजाम सरकारनें १९२० ते १९२२ या काळांत चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन कारागिरांकडून सुटलेला गिलावा पुनः चिकटवून घेतला. चित्रांवर त्यांनीं लाखेचा हात दिला. तो कालांतरानें पिवळा पडला व पुढील तज्ज्ञांना मोठ्या कष्टानें काढावा लागला. याउलट, माथ्यावरचें पाणी चर खणून दूर नेणें व भेगा बुजविणें हें काम प्रवाशाच्या दृष्टीस पडत नाहीं. पण रोगाच्या मुळावर औषध तेंच.

आपल्या घरींही हाच क्रम योग्य. आषाढांत छतावर डाग उमटला कीं दिवाळीपूर्वीं त्यावर चुना फासून मोकळें होण्याकडे आपला कल असतो. तसें न करितां आधीं वर चढून कौलें, पन्हळ व गच्चीचा उतार तपासावा. पाणी तुळईवरून वाहत जाऊन भलतीकडेच ठिबकतें. म्हणून डागाच्या नेमकें वरच छिद्र असेल असें समजूं नये. छत फुगून लोंबत असल्यास त्याखालीं मुलांना निजवूं नये, आणि जवळ विजेची तार असल्यास प्रवाह बंद करावा. गळती थांबल्यावर छत पूर्ण वाळूं द्यावें. बोटानें ठोकून पोकळ वाजेल तेवढा गिलावा काढून नवा करावा. रंग सर्वांत शेवटीं.

घरचा गिलावा पडला तर गवंडी चार दिवसांत नवा करून देतो. अजिंठ्याचा एक हंस गळून पडला तर सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींचा तो हात पुनः कोठून आणावा?