‘मूनस्टोन’चा शेवट

रहस्यकथेचा शेवट आधीं सांगून टाकणें हें पाप आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां तें पाप आतां थोडें सौम्य झालें असावें. ज्यांना ती अजून वाचावयाची असेल, त्यांनीं येथेंच थांबावें.

आम्हीं ती प्रथम कॉलेजांत असतांना वाचली. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें त्या वेळीं लुटलेला, मूळ सोमनाथच्या चंद्रदेवाचा हिरा यॉर्कशायरमधील एका वाड्यांत येतो आणि वाढदिवसाच्या रात्रीं नाहींसा होतो. दारावरच्या ओल्या रंगाला कुणाच्या तरी वस्त्राचा घसटा बसलेला असतो. आतां तें वस्त्र शोधावयाचें! गुलाबांचा वेडा सार्जंट कफ येतो. पूर्वीं चोरीची शिक्षा भोगलेल्या रोझॅना मोलकरणीवर त्याची नजर जाते. आम्हीही तिच्यावरच पाळत ठेवून रात्रभर जागलों. आणि शेवटीं निघालें काय? तर हिऱ्याचा शोध सर्वांत नेटानें करणाऱ्या फ्रँकलिन ब्लेकनेंच, नकळत दिलेल्या अफूच्या अमलाखालीं, तो उचलला होता. आणि त्याला त्याची आठवणही नव्हती! हिरा पुढें दुसऱ्याच लबाडाच्या हातीं गेला, ही गोष्ट वेगळी. चोरी करणाऱ्यालाच ती ठाऊक नाहीं, तर वाचकानें ओळखावी कशी? लेखकानें आमची बुद्धि राबवून घेऊन मजुरी बुडविली, असें आम्हांस वाटलें. कॉलिन्स स्वतः दुखण्यावर अफूचा अर्क घेत असे, हें मागाहून कळलें. पण त्यानेंही राग गेला नाहीं.

तो गेला निराळ्याच कारणानें. कांहीं वर्षांनीं आमच्या घरांतील चांदीची अत्तरदाणी नाहींशी झाली. संशय अर्थातच कामाच्या मुलावर. आम्हीं त्याला चोर म्हटलें नाहीं. फक्त त्याच्यादेखत कपाटांना कुलुपें लावूं लागलों. आठ दिवसांत तो काम सोडून गेला. दिवाळीच्या साफसफाईंत ती अत्तरदाणी आमच्याच पुस्तकांच्या पेटींत, जुन्या धोतरांत गुंडाळलेली सांपडली. प्रवासाच्या घाईंत आम्हींच ती तेथें ठेविली होती. आणि पोटांत अफूचा थेंबही नव्हता! मुलाचा पत्ता मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

त्या रात्रीं आम्हीं ती कादंबरी पुन्हा काढली. शेवटासाठीं नव्हे, रोझॅनासाठीं. हिरा न चोरलेली ती मुलगी रुतत्या वाळूंत जीव देते. पहिल्या वाचनांत तो प्रसंग आम्हीं हिऱ्याच्या घाईनें दोन मिनिटांत उरकला होता. अफूचा तो प्रयोग आम्हांस अजूनही पटत नाहीं. पण तो शेवट खोटा आहे, असें म्हणण्याचें धैर्य आतां आमच्यांत राहिलें नाहीं.