बाकीच्या होड्या

डोंगरी,
रविवार, रात्री साडेदहा

लाडके बाय,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा स्वयंपाक करताना, एकदा गच्चीवर जाऊन. उत्तर बोलून देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. परवा शेजारचा मुलगा मस्कतला निघालाय. त्याच्याबरोबर बाटली मसाला, सुके बोंबील आणि हे पत्र देतेय. बोंबलांचा वास पत्राला लागला तर कुरकुर करू नकोस.

तुझ्या पोराने विचारलं, नोहाच्या तारवात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यातल्या तान्ह्या बाळांनी काय पाप केलं होतं? आणि तू मला म्हणतेस, ताई, फादरना विचारून सांग.

फादरना मी विचारलं नाही. विचारायचं टाळलं असं नाही. पण प्रश्न तुझ्याकडे आलाय, फादरकडे गेलेला नाही.

आपल्या घरी बायबल कुठे असायचं आठवतंय? आल्ताराच्या फळीवर, माउलीच्या पुतळ्याच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत. पहिल्या पानावर आपल्या सगळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा. ते खाली यायचं ते कुणाची तारीख लिहायला नाहीतर धूळ पुसायला. बाकी संध्याकाळी रोझरी. गुडघ्याखाली गार लादी, पायाला डास, आणि झोपेत असतानाही तोंडातून बरोबर निघणारी प्रार्थना. डोळे मिटून अख्खी लिटनी म्हणणाऱ्या आपल्याला कुणी हबक्कूक काढायला सांगितला असता तर आपण पानं उलटत बसलो असतो. मी आजही अनुक्रमणिका बघते.

यात आईबाबांचा दोष काढत नाही. आजीने तर अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकली. 1962 ते 1965 ची व्हॅटिकनची परिषद झाली, मग देवळात मराठी आली, लोकांनी बायबल वाचावं असं चर्च स्वतः सांगायला लागलं. पण पुस्तक पिशवीतून बाहेर यायला परिषद पुरत नाही. आमच्याकडे ते थोरल्याच्या पहिल्या कम्युनियनच्या वर्षी बाहेर आलं. कॅटेकिझमच्या टीचरने घरचा अभ्यास दिला होता, रविवारचं शुभवर्तमान शनिवारी आईवडिलांबरोबर वाचून यायचं. मी म्हटलं, चला, पाच मिनिटांचं काम.

तो इंग्रजी वाचतो, मी मराठी. माझ्याकडे फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल आहे, 2010 साली आलेलं. त्याच्याकडे कॅटेकिझमचं गुड न्यूज बायबल. आधी मला या दोन भाषांचं फार वाईट वाटायचं. पोराची प्रार्थना इंग्रजी, माझी मराठी, सासूबाईंची बोली. एका घरात देव तीन दारांनी येतो असं वाटायचं. पण वाचताना त्याचाच फायदा झाला. एक ओळ दोनदा ऐकली की मूल थबकतं. "मम्मी, तुझ्यात असं का लिहिलंय?" इथपासून आमचं सगळं सुरू झालं. धाकटी तेव्हा पाच वर्षांची. तिचा पहिला प्रश्न वेगळाच होता. आपलं देऊळ बेथलेहेम माउलीचं ना, मग येशू डोंगरीत जन्मला का? थोरला हसून हसून पडला. मी म्हटलं, हसू नकोस, देऊळ बांधणाऱ्यांच्या मनातही चारशे वर्षांपूर्वी असंच काहीतरी असणार.

आता तुला एक संध्याकाळ नीट सांगते.

मार्कचा चौथा अध्याय होता. तळ्यावरचं वादळ. हे वाचन दर तीन वर्षांनी रविवारी येतं, म्हणजे तू आणि मी ते दहा-बारा वेळा तरी ऐकलं असणार. सासरे नेहमीसारखे दाराजवळच्या खुर्चीत. ते वाचनाला बसत नाहीत, पण उठूनही जात नाहीत. उत्तनचे ते, तरुणपणी वीस वर्षं होडीवर गेलेले. थोरल्याने वाचलं की येशू होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता. खुर्चीतून आवाज आला, "अशा वाऱ्यात झोपणारा माणूस एक तर प्यायलेला, नाहीतर मरणाचा दमलेला." पोरं खिदळली. ह्यांनी डोळे वटारले. मला मात्र पहिल्यांदाच येशू दमलेला दिसला. दिवसभर लोकांपुढे बोलून घसा बसलेला माणूस, ओल्या फळीवर.

मग धाकटी म्हणाली, "बाकीच्या होड्यांचं काय झालं?"

कुठल्या बाकीच्या होड्या? मी म्हटलं, होडी एकच आहे. ती म्हणाली, दादाने आता वाचलं, त्याच्याबरोबर दुसऱ्या होड्या पण होत्या. मी माझं पुस्तक पाहिलं. खरंच होत्या. अर्ध्या वाक्यात येतात आणि जातात. वादळ उठतं, शिष्य ओरडतात, तो उठतो, वारा पडतो, पण त्या होड्यांचं पुढे एक अक्षर नाही. मग मत्तय काढला, लूक काढला. तिथे त्या होड्याच नाहीत. उशीही नाही. दोन्ही गोष्टी फक्त मार्ककडे. दहा-बारा वेळा ऐकून माझ्या कानावरून गेलेली गोष्ट पाच वर्षांच्या पोरीने पकडली, कारण ती उत्तनच्या माणसाची नात आहे. तिच्या डोक्यात समुद्रावर एकटी होडी नसतेच.

सासरे खुर्ची ओढून पुढे आले. म्हणाले, वादळात किनाऱ्यावर पहिलं काम तेच असतं, होड्या मोजायच्या. आपली आली म्हणून कुणी घरी जात नाही. एकदा त्यांच्या बरोबरची एक होडी रात्री आली नाही. इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दिसली तोवर तिच्या खलाशांच्याच काय, कुणाच्याच घरात चूल पेटली नव्हती. हे त्यांनी इतक्या वर्षांत आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. बायबल वाचताना सांगितलं.

थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वारा थांबला तर त्यांचा पण थांबला असणार. फक्त कुणी थांबवला ते त्यांना कळलं नसेल."

यावर कुणी काही बोललं नाही. जेवायला वाढलं.

पण सगळ्या शनिवारी असं होतं असं समजू नकोस. कितीतरी वेळा जांभया, कितीतरी वेळा मॅच. आणि एकदा मी स्वतःच घाण केली. अब्राहाम इसहाकला बळी द्यायला डोंगरावर नेतो ते वाचत होतो. थोरल्याने विचारलं, त्याने साराला विचारलं होतं का? मी म्हटलं, देवाच्या गोष्टीत असलं विचारायचं नसतं. तो उठून गेला. तीन शनिवार पोटात दुखतंय, अभ्यास आहे, मित्राकडे जायचंय. मग एका रात्री मी एकटीच तो अध्याय पुन्हा वाचला. सारेचं नाव त्यात कुठेच नाही. आणि पुढचा अध्याय उघडतो तोच तिच्या मरणाने! मी एक आई आहे, बाय. मला हा प्रश्न आधी पडायला हवा होता. सकाळी त्याला डबा देताना म्हटलं, तू विचारलंस ते मलाही कळलेलं नाही. त्या शनिवारी तो येऊन बसला.

आपण घाबरतो ते याला. उत्तर आलं नाही तर पोराची श्रद्धा जाईल. पण मराठीत येशूची गोष्ट आली तीच विचारणाऱ्याच्या तोंडून आली. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, 1616 चं, आपलं देऊळ नवं होतं त्याच सुमाराचं. माणूस इंग्लंडचा, लिहिल्या मराठी ओव्या. त्याची सुरुवात कशी आहे ठाऊक आहे? नव्याने ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीला म्हणतात, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? तेव्हा तो सांगायला बसतो, आणि मध्ये मध्ये ऐकणारे शंका काढत राहतात. त्याने त्या गाळून टाकल्या असत्या तर पुराण कितीतरी छोटं झालं असतं.

आणि पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या मठात असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अडीच वर्षांच्या मनोरमेसकट. पुढे तिथल्या सिस्टरांशी त्यांची पत्रांतून जुंपली, त्यात एक भांडण याच गोष्टीवर की पोरीला धर्मातलं काय आणि कसं शिकवायचं हे ठरवणार कोण. रमाबाई हटल्या नाहीत. जे स्वतःला पटलेलं नाही ते केवळ मठ म्हणतो म्हणून लेकीच्या डोक्यात घालू द्यायचं नाही, असा बाणा. हीच बाई नंतर केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं अख्खं बायबल मराठीत करत बसली, 1922 मध्ये मरेपर्यंत. म्हणजे प्रश्न विचारणारी बाई पुस्तक सोडून गेली नाही, उलट मुळापर्यंत गेली. मी काही हिब्रू शिकणार नाही. पण पोराला "विचारू नकोस" म्हणणंही सोडलंय.

तुझ्या पोराचं आता. मी असते तर त्याला म्हटलं असतं, मला माहीत नाही, आणि तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. मग त्याच्याबरोबर उत्पत्तीचा अठरावा अध्याय वाचला असता. तिथे अब्राहाम सदोम गावासाठी देवाशी अक्षरशः घासाघीस करतो, मासळी बाजारात करतात तशी. पन्नास भले लोक सापडले तर वाचवशील? पंचेचाळीस? चाळीस? खाली खाली दहापर्यंत येतो. त्यालाही तुझ्या पोरासारखंच छळतंय, की वाइटाबरोबर भला का मरावा. देव चिडत नाही, दर वेळी ऐकून घेतो. तुझ्या पोराला कळू दे की त्याचा प्रश्न त्या पुस्तकात आधीपासून आहे आणि तो विचारणाऱ्याला तिथून हाकललेलं नाही. मग नवव्या अध्यायातलं धनुष्य बघा. आपण म्हणतो, इंद्रधनुष्य माणसाला दिलासा म्हणून. नीट वाच, देव म्हणतो की ते पाहून मी आठवण ठेवीन. त्याने स्वतःसाठी गाठ मारून ठेवलीय. असं का, ते मला अजून उलगडलेलं नाही. पोराला विचार.

तिकडे तुमचं कॅटेकिझम शुक्रवारी, मिस्सा इंग्रजी, तो मराठी बोलतो ती आपल्याशी फोनवर तेवढी. त्याला एकदा मराठीतून वाचून दाखव. अडखळलीस तरी चालेल. तू अडखळतेस हे त्याने पाहिलं तर बरंच.

एक गोष्ट राहिली. लूकमध्ये बारा वर्षांचा येशू मंदिरात राहतो आणि मारिया-योसेफ तीन दिवस शोधतात ना, त्याने तिथे दिलेलं उत्तर त्या दोघांना समजलं नाही असं लूक सरळ लिहितो. मला हे वाक्य फार आवडतं. घरी अडचण आली की मी तेच काढून बसते.

इथे मध्यंतरी सगळ्यांच्या तोंडी आपल्या डोंगरावर योजलेली मेट्रोची कारशेड आणि तिच्यापायी जाणारी झाडं होती. आदामाला बाग राखायला ठेवलं होतं ते वाचल्यापासून थोरला रोज विचारायचा, मग आता कोण राखणार? त्याचंही उत्तर माझ्यापाशी नाही. हे म्हणतात, तुला माहीत नसलेल्या गोष्टींची वही करू.

पाकिटात धाकटीने काढलेलं चित्र घातलंय, तुझ्या पोरासाठी. सात होड्या आहेत, सगळ्या सारख्याच. मी विचारलं, यातली येशूची कुठली, तो तर दिसतच नाही. म्हणाली, "झोपलाय ना तो, दिसणार कसा?"

जावईबापूंना सांग, मसाला फ्रीजमध्ये ठेवू नका.

तुझी,
ताई