दर्भाचा कावळा

गेल्या महिन्यात बाबांचा दहावा झाला. ओंकारेश्वराच्या घाटावर आम्ही पिंडाकडे बघत उभे, आणि कावळे आपले समोरच्या झाडावर निवांत. अर्धा तास झाला. काका हळूच म्हणाले, "दादाचं काहीतरी राहून गेलंय रे. बोल काहीतरी."

आता माझा या गोष्टींवर विश्वास नाही. प्रोसेस बंद झाली की मेमरी मोकळी होते, तसंच माणसाचं, हे माझं कॉलेजपासूनचं मत. कॅन्टीनमध्ये यावर तासन्‌तास वाद घातलेत. पण त्या दहा दिवसांत झोप येत नव्हती, म्हणून रात्री वाचत बसायचो.

सॅम पार्निया नावाच्या डॉक्टरांचा प्रयोग मला आवडला, कारण तो थेट आपल्या टेस्टिंगसारखा आहे. हृदय बंद पडून वाचलेले काही जण सांगतात, की आम्ही वरून सगळं बघत होतो. मग यांनी काय केलं, तर हॉस्पिटलांत छताजवळ फळ्या बसवल्या आणि त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली! १५ हॉस्पिटलं, हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना. निकाल आला २०१४ मध्ये. वाचलेल्यांपैकी १४० जणांशी बोलता आलं. त्यातल्या एकाने स्वतःवरच्या उपचारांचं वर्णन बरोबर केलं. पण नेमकी त्याच्या खोलीत फळीच नव्हती.

मग मिशिगन विद्यापीठाचं २०२३ चं संशोधन वाचलं. चार मरणासन्न रुग्ण. व्हेंटिलेटर काढल्यावर त्यातल्या दोघांच्या मेंदूत गॅमा लहरी एकदम उसळल्या. तेव्हा त्यांना काही जाणवलं का, हे सांगायला अर्थातच कोणी परत आलं नाही.

म्हणजे हे सगळं उंबरठ्यापर्यंतचं. त्यापलीकडचा लॉग कोणाकडेच नाही.

घाटावर हे सगळं डोक्यात होतं. तरी मी हात जोडले आणि म्हणालो, "बाबा, मी बंगलोर सोडून पुण्याला येतोय. आई एकटी राहणार नाही." दोन वर्षं ते फोनवर हेच विचारायचे, आणि मी म्हणायचो, "बघू, एवढं रिलीज होऊ दे."

कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. काका नाराज झाले.

बाबांनी ऐकलं असेल? मला नाही वाटत. पण मागे पायरीवर आई बसली होती, तिने ऐकलं.

सोमवारी मॅनेजरला ट्रान्सफरचा मेल टाकला. असो.