अब्बांच्या बँडचा फोटो

मिरज म्हटले की लोकांना सतारी आठवतात, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आठवतात. खाँसाहेबांचे निधन १९३७ साली झाले, पण आजही त्यांच्या स्मरणार्थ गवई ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात येऊन गातात. त्याच मिरजेत आमचे अब्बा वरातीपुढे क्लॅरोनेट वाजवतात. त्यांची आठवण कोण ठेवणार? खरे सांगायचे तर आम्ही दोघी बहिणीही त्यांचे नाव टाळत होतो. शाळेतून येताना समोरून वरात आली की आम्ही शेजारच्या बोळात शिरायचो. फॉर्मवर वडिलांच्या कामापुढे ‘व्यवसाय’ एवढेच लिहायचो.

गेल्या वर्षी शिकवण्यांच्या पैशातून आम्ही एक जुना कॅमेरा घेतला. तो हाताळायला शिकत होतो, तेवढ्यात अब्बा म्हणाले, “दुकानाच्या बोर्डावर आणि कार्डावर बँडचा फोटो टाकायचाय. बाहेरचा माणूस कशाला? तुम्हीच काढा.”

आधी जुना एखादा फोटो मिळतो का ते पाहिले. शेजारपाजारच्या लग्नांचे अल्बम मागून आणले. प्रत्येकात बँड होता, पण कडेला कापलेला. कुठे ट्रम्पेटचे तोंड, कुठे टोपीचा तुरा, कुठे नुसते कोपर. तीस वर्षे लोकांच्या लग्नांत वाजवणाऱ्या अब्बांचा पूर्ण चेहरा एकाही अल्बममध्ये सापडला नाही. त्या रात्री आम्ही एकमेकींशी फारसे बोललो नाही.

मग बेत आखायला बसलो. मोबाईलवर परदेशी बँडचे फोटो पाहिले होते, तसेच काहीतरी डोक्यात होते. रात्रीची वेळ, रेल्वेचे रूळ, धूर, सगळे गंभीर आणि कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही! बेत ऐकून युफोनियमवाले चाचा हसले. म्हणाले, “बेटा, निदान घरच्यांनी तरी मला ओळखायला पाहिजे की नको?” ढोलवाल्या काकांना त्यांचा ढोल दिसायला हवा होता, कारण कातडे नुकतेच नवे चढवले होते. आम्ही कागद फाडला. या माणसांना कसे दिसायचे आहे, हे आम्ही विचारलेच नव्हते.

दुसरा बेत साधा होता. तुळशीचे लग्न झाले की लगीनसराई सुरू होते, मग कोणाला सवड नसते. म्हणून त्याच्या आधीचा जुम्मा ठरवला. वेळ असरच्या नमाजनंतरची, कारण दुपारच्या उन्हात टोपीची सावली डोळ्यांवर पडते आणि पितळ इतके चमकते की फोटोत नुसता पांढरा डाग येतो. जागा शाळेच्या मागची, पूर्वेकडे तोंड असलेली भिंत. संध्याकाळी तिथे मऊ सावली असते. हेडमास्तरांची परवानगी आधीच घेतली.

आदल्या दिवशी भाऊ आणि त्याच्या मित्रांना उभे करून तालीम केली. लेन्स १८ वर ठेवून जवळून काढले तर कडेची मुले फुगून दिसली. म्हणून वीस-बावीस फूट मागे गेलो आणि लेन्स ३५ वर ठेवली. दोन्ही रांगा स्पष्ट याव्यात म्हणून छिद्र एफ ८, हात हलू नयेत म्हणून वेग १/१२५, आयएसओ ४००. मंडपवाल्याकडून पाच खुर्च्या आणल्या. मागच्यांची डोकी पुढच्या दोघांच्या मधल्या जागेत येतील अशा खुणा खडूने केल्या. अकरा माणसे, अकरा खुणा.

जुम्म्याला सगळे लाल ड्रेस इस्त्री करून आले. त्यांच्याबरोबर वरातीत डोक्यावर दिवे घेणाऱ्या तीन बायकाही आल्या आणि भिंतीच्या टोकाला उभ्या राहिल्या. आम्ही कॅमेरा लावला, पण अब्बा खुर्चीवर बसेनात. म्हणाले, “त्या तिघी कुठे उभ्या राहणार?” आमच्या कागदावर त्या नव्हत्याच. अल्बमवाल्यांनी अब्बांना जसे कापले होते, तसेच आम्ही त्यांना कापायला निघालो होतो. तोंडातून शब्द फुटेना. खडूच्या खुणा पुसल्या आणि चौदा केल्या.

एवढ्या जणांत कोणाचा तरी डोळा मिटतोच. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी यावर हिशेब मांडला आहे, आणि त्यासाठी २००६ साली त्यांना गमतीदार संशोधनाचे इग नोबेल मिळाले. माणसे वीसपेक्षा कमी असली तर चांगल्या उजेडात त्यांच्या संख्येला तीनने भागायचे, कमी उजेडात दोनने. तेवढे फोटो काढले की सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी बहुधा मिळतो. आमचे गणित सातवर आले, पण हातावर भरवसा नव्हता म्हणून वीस काढले. सोळाव्यात सगळे डोळे उघडे आहेत. अब्बा थेट आमच्याकडे बघताहेत.

बोर्डावर तो फोटो आता लागला आहे. दादी नमाज पढते त्या खोलीत आम्ही तसबिरी लावत नाही, म्हणून घरची प्रत कपाटात कुरआन शरीफच्या खालच्या कप्प्यात, पाकिटात ठेवली आहे.

गेल्या महिन्यात थोरलीला बघायला पाहुणे आले. चहा झाला आणि नेहमीचा प्रश्न आला, “वडील काय करतात?” अम्मीने आमच्याकडे पाहिले. पूर्वी अशा वेळी ‘व्यवसाय’ म्हणून आम्ही विषय बदलायचो. या वेळी धाकटी उठली, कपाट उघडले आणि पाकीट पाहुण्यांच्या हातात दिले.

“हे आमचे अब्बा,” आम्ही म्हणालो. “मधल्या खुर्चीवर, क्लॅरोनेटवाले.”

पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही. जे नशिबात असेल ते होईल, इन्शाअल्लाह. पण त्या दिवशी पडद्याआड उभ्या असलेल्या अब्बांनी ते ऐकले, हे आम्हाला नंतर अम्मीने सांगितले.