शंकेची मुदत

जुन्या मोडी कागदाची घडी उलगडताना उडणारी बारीक धूळ ज्याने वर्षानुवर्षे श्वासाबरोबर घेतली आहे, त्याच्या मनाला एक सवय जडते. ती अशी की, कागद काय सांगतो हे नीट वाचून होण्यापूर्वीच, तो सांगतो ते खरे कशावरून, हा प्रश्न तेथे उभा राहिलेला असतो. मायना ज्याला लिहिला आहे त्याच्या दर्जाला शोभतो की नाही, शिक्का त्या सालचा की मागाहूनचा, मोर्तब शेवटल्या ओळीला भिडून आहे की मध्ये चार अक्षरे घुसडण्यापुरती जागा राहिली आहे, दिलेल्या तिथीस दिलेला वार पडतो की नाही, हे सारे कागदाला विचारून घेतल्यावाचून आम्ही दफ्तरातली माणसे त्याच्या मजकुरावर विसंबत नाही. या उद्योगात माझी चाळीस वर्षे गेली. शंका हेच ज्याचे हत्यार, त्याला त्या हत्याराने झालेले काम जसे ठाऊक असते तशा त्याने झालेल्या जखमाही ठाऊक असतात, आणि त्या दोहोंविषयी काही लिहावे असे फार दिवस मनात होते.

या शंकेला सबळ कारण आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे. गावातला मान, पानाचा आणि टिळ्याचा अग्रक्रम, मुलाबाळांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे स्थान त्यांत गुंतलेले असे, आणि त्यासाठी भाऊबंद एकमेकांच्या जिवावर उठत, तेथे बनावट महजर तयार करणे ही त्यामानाने सौम्यच गोष्ट म्हटली पाहिजे. गोतसभेपुढे दोन्ही वादी आपापले कागद टाकीत, दोहोंचे साक्षीदार तितक्याच निष्ठेने शपथा घेत, आणि पंचांची मती कुंठित झाली म्हणजे प्रकरण दिव्यावर जाई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढावयाचा, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करावयाची, आणि ठरल्या दिवशी ती सोडून हात भाजला की शाबूत राहिला हे पाहावयाचे. आज आपणांस हा प्रकार क्रूर वाटतो आणि तो क्रूर होताच. परंतु त्याच्या मुळाशी जी गरज होती ती मला नेहमी विचारात पाडते. मिटत नसलेली शंका उरावर घेऊन गाव नांदू शकत नाही, नांगर थांबतो, सोयरिकी तुटतात, हे त्या लोकांना इतके पक्के ठाऊक होते की, एका माणसाचा हात जाळूनही ते तिचा शेवट करीत.

आपल्या नैयायिकांनी या मनोवृत्तीकडे अधिक शांतपणे पाहिले. गौतमाने सोळा पदार्थ सांगितले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या मागोमाग तिसरा संशय येतो आणि निर्णयाचा क्रमांक नववा लागतो. म्हणजे संशय हा बुद्धीला झालेला रोग नसून निर्णयाच्या वाटेवरील एक मुक्काम आहे, अशी त्यांची धारणा होती. ज्याचा गंधही नाही अशा विषयात आणि ज्याचा निश्चय होऊन चुकला आहे अशा विषयात न्यायाला काही काम नसते, संशयित विषयातच ते असते, असे भाष्यकार वात्स्यायनाने म्हटले आहे. त्यांचे ठरलेले उदाहरण साधे आहे: अंधुक उजेडात दूर काहीतरी उभे दिसते, तो खांब असेल किंवा माणूस असेल. या उदाहरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की, त्यातल्या दोन्ही कोटी स्पष्ट आहेत. जवळ जाऊन पाहिले, आकृती हलली, तर माणूस. हलली नाही, साल आणि गाठी दिसल्या, तर खांब. कशाने मिटेल हे जिला माहीत आहे, ती शंका. जिला ते माहीत नाही आणि माहीत करून घेण्याची इच्छाही नाही, तिला आपण सवयीने तेच नाव देत असलो तरी ती वस्तू निराळी आहे.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, हे जन्मवर्ष रूढ होऊन बसले होते आणि शाळेतल्या मुलांपासून पंडितांपर्यंत कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. तथापि या बखरी घटनेनंतर फार उशिरा लिहिलेल्या, आणि समकालीन माणसाने लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत तर जन्मतिथीच नाही, ही अडचण अभ्यासकांच्या मनात सलत होती. लोकमान्य टिळकांनी १९०० साली केसरीत या तिथीची चर्चा केली, ती ह्याच अस्वस्थतेतून. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारे ती प्रसिद्ध झाली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, अशी नोंद आहे. इसवी सनाच्या हिशेबाने ती १९ फेब्रुवारी १६३० येते. येथे वाद मिटला नाही, आणि मिटू नये हेच योग्य होते, कारण एका शकावलीच्या बळावर रूढ तिथी मोडावी तर उद्या दुसरी कोणी शकावली पुढे करील. परंतु १९२७ साली कवींद्र परमानंदाचे शिवभारत छापून निघाले, आणि महाराजांच्याच आश्रयाला असलेल्या त्या कवीने संस्कृतात तीच तिथी दिलेली आढळली. एक नोंद मावळातल्या देशमुखाच्या घरातली, दुसरी दूर तंजावरास जपून राहिलेल्या काव्यातली. एकमेकींची नक्कल होण्याचा संभव जेथे नाही अशा दोन ठिकाणांहून एकच उत्तर आले, तेव्हा शंकेने आपले काम पुरे केले असे म्हणावयास हवे. त्यानंतरही काही थोर अभ्यासक जुन्या तिथीस धरून राहिले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण कोणता कागद मिळाला असता म्हणजे त्यांचे समाधान झाले असते, हे मला त्यांच्या लेखांतून कधी उमगले नाही.

आता शंकेच्या दुसऱ्या रूपाकडे वळतो, आणि येथे लेखणी थोडी जड होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. काशीराजाच्या वृत्तांतात शिर नसलेले धड शरीरावरील खुणांवरून ओळखल्याचे सांगितले आहे. पण पुण्यास परतलेल्यांपैकी भाऊंना पडताना प्रत्यक्ष पाहिले असे खात्रीने सांगणारा कोण होता? जो तो धुळीत आणि पळापळीत त्यांना अखेरचे घोड्यावर पाहिल्याचे सांगे, आणि तेथून पुढे मौन. त्या मौनाच्या फटीतून भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांची आशा आत शिरली. त्यांनी कुंकू पुसले नाही. १७८३ साली देह ठेवीपर्यंत, बावीस वर्षे, त्या सौभाग्यवतीच राहिल्या, आणि पेशव्यांच्या वाड्याने त्यांचा तो निश्चय मानला. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला ठाऊक आहे की, पुराव्याचा कल एकाच बाजूला होता. तरीही या बाईंची शंका चुकीची होती, असे लिहावयाला माझा हात धजत नाही. तिने कोणाचे काही हिरावून घेतले नाही, आणि तिची सगळी किंमत त्यांनी एकट्यांनी, रोज सकाळी आरशासमोर, मोजली.

परंतु शंका एकाच घरात राहत नाही. भाऊंशी चेहऱ्याचे साम्य असलेला एक कनोजा ब्राह्मण उत्तरेत पुढे आला आणि आपणच भाऊ असे सांगू लागला; थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतच तो तोतया ठरून कैदेत पडला. प्रकरण तेथे संपावयास हवे होते. पुढे माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे मूल आणि इंग्रजांच्या आश्रयाला राघोबादादा, अशा वेळी १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून तो सुटला, तो तेथल्याच सरकारी अंमलदाराच्या साह्याने, आणि हां हां म्हणता कोकणातले किल्ले आणि हजारो माणसे त्याच्या बाजूची झाली. त्या हजारांत खरोखर ज्यांची खात्री पटली असे किती असतील? माझ्या समजुतीने थोडेच. उरलेल्यांना एवढेच हवे होते की, नक्की काही सांगता येत नाही. नक्की सांगता येत नाही म्हणून वसूल पुण्यास पाठवावयाचे कारण नाही, नक्की सांगता येत नाही म्हणून किल्ल्याचे दरवाजे उघडले तर बेइमानी होत नाही. राज्याचा दाब सैल झाला की अशा शंकेला पालवी फुटते. ती जिज्ञासेतून येत नाही, सोयीतून येते. महादजी शिंद्यांच्या फौजेने बंड मोडले, पळालेला तोतया कुलाब्यास आंग्र्यांच्या हाती सापडला, पुण्यात त्याची पुन्हा चौकशी झाली आणि १७७६ संपण्यापूर्वी त्याला देहान्त शासन झाले. ज्याला एकदा तोतया ठरविले होते त्याची पुन्हा रीतसर चौकशी करावी हे कारभाऱ्यांना आवश्यक वाटले, याचे मला मोठे महत्त्व वाटते. लोकांच्या मनातली शंका तलवारीने मरत नाही, हे त्यांनी जाणले होते.

तिसरे उदाहरण आमच्या दफ्तराच्या भिंतींतलेच आहे. पेशवाई बुडाल्यावर गावोगावच्या इनामांचा सारा बुडतो हे कंपनी सरकारच्या डोळ्यांत खुपू लागले, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार मिळाले. पेशवे दफ्तराच्या रुमालांशी इनामदारांचे कागद ताडून पाहावयाचे, अशी पद्धत ठरली. वरवर पाहता ही आमच्याच धंद्याची पद्धत; नोंदीस नोंद मिळते काय, हेच आम्हीही पाहतो. परंतु एक भेद होता आणि तोच सर्वस्वी महत्त्वाचा होता. शंका घेणारे सरकार, आणि ती फेडण्याचा बोजा मात्र इनामदारावर. ज्याच्या आज्याने सनद वळचणीला खोचून ठेवली आणि ती वाळवीने खाल्ली, ज्याचा वाडा पेंढाऱ्यांच्या धामधुमीत जळला, त्याने काय दाखवावे? शंका चुकली तर सरकारचे काहीच जात नव्हते, पुरावा चुकला तर त्या घराची चूल विझत होती. १८६३ च्या कायद्यांनी बहुतेक इनामदारांना, चौकशीविना, ठराविक फाळा देण्याच्या कबुलातीवर इनाम कायम करून घेण्याची मुभा मिळाली. म्हणजे अकरा वर्षे सत्याच्या नावाने चाललेली शंका शेवटी पैशाच्या हिशेबात वळती झाली. त्या तपासणीमुळे रुमाल लावले गेले, याद्या झाल्या, आणि आज माझ्यासारख्याला त्या कागदांपर्यंत जाता येते, हे ऋण मी नाकारीत नाही. पण एखादा रुमाल सोडताना, हा कागद ज्याच्या विरुद्ध वाचला गेला त्याचे पुढे काय झाले असेल, हा विचार आल्यावाचून राहत नाही.

व्याप्तीविषयी शंका घेत बसणाऱ्याला उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर मला फार पटते. धूर आणि अग्नी यांच्या संबंधाविषयी तू शंका घेतोस, पण धूर हवा असला म्हणजे तू अग्नीच पेटवितोस. तेव्हा स्वतःच्या आचरणाशी विरोध येईल तेथे शंकेची सरहद्द संपली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयात्म्याच्या नाशाविषयी जे म्हटले आहे त्याचा आधार पुष्कळ जण प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी घेतात. त्याच अध्यायाच्या शेवटी संशय ज्ञानाच्या तलवारीने तोडावयास सांगितले आहे, हे मात्र ते विसरतात. कशाने तोडावयाचा हे ठरलेले असले म्हणजे संशयाला मुदत मिळते. मुदतीवाचूनचा संशय हा मुदतीवाचूनच्या कर्जासारखा आहे, तो फिटतच नाही.

हे सारे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी सातारा प्रांतातून एक वृद्ध गृहस्थ आपल्या घराण्याची सनद घेऊन माझ्याकडे आले. जमीन केव्हाच गेली होती. त्यांना फक्त एवढेच हवे होते की, पूर्वजांना ती खरोखर मिळाली होती असे कोणी जाणत्याने लिहून द्यावे. सनदेवर शुहूर सन होता, ज्येष्ठातली तिथी होती आणि वार होता. मी गणित केले, वार जुळेना. शिक्काही थोडा पुसट होता. मी "संशयित" असा शेरा लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, सनद पुन्हा रुमालात बांधली आणि नमस्कार करून ते गेले. वाद घातला नाही.

आठ वर्षांनी दुसऱ्याच कामात त्याच सालचे कागद लावीत असता माझी चूक माझ्या ध्यानात आली. शुहूर सनाचे महिने मुसलमानी असले तरी त्याचे वर्ष मोहरमात बदलत नाही, सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा बदलते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो होतो. पण त्या साली ज्येष्ठाची ती तिथी मृगाच्या अलीकडे पडली होती आणि मी ती पलीकडची धरली होती. त्यामुळे मी एक वर्ष मागचा वार काढला होता. बरोबर वर्ष धरताच वार तंतोतंत आला. शिक्क्याच्या पुसटपणाचा मी त्या दिवशी जो विचार केला, तो वार न जुळल्यानंतर केला, आधी केला नव्हता, हेही मला स्वच्छ आठवले. एकदा शंका मनात बसली म्हणजे ती आपले साक्षीदार आपणच गोळा करते. तो शेरा लिहिताना, काय आढळले तर मी तो मागे घेईन, हे मी लिहिले नव्हते; लिहिले असते, तर त्या गृहस्थांना दुसऱ्या कोणाकडे जाऊन तेवढे गणित तपासून घेता आले असते.

मी त्याच रात्री दुरुस्तीचे पत्र लिहिले, गणित मांडून दाखविले आणि सनद अस्सल असल्याचे सहीनिशी कळविले. उत्तर त्यांच्या चिरंजीवांकडून आले. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती. पुढे एकदा त्या बाजूस गेलो असता मी त्यांच्या घरी गेलो. देवघराशेजारच्या कोनाड्यातून त्यांनी रुमाल काढला आणि माझ्यासमोर सोडला. वर माझे दुसरे पत्र होते, त्याखाली पहिला शेरा, आणि त्याखाली सनद. पहिला कागद फाडून टाका, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलविली, तिन्ही कागद होते त्याच क्रमाने ठेवले आणि गाठ मारली.