आईचा झारा आणि अप्पांचा

कऱ्हाडच्या घरातला कॉम्प्युटर २०१६चा. अप्पा तहसील कार्यालयातून निवृत्त झाले तेव्हा फंडाच्या पैशातून घेतलेला. त्यावर त्यांची दोनच कामं चालतात: नोकरीतल्या आठवणी टाइप करणं आणि दुपारी पत्ते लावणं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली. मी वसुबारसेला पुण्याहून पोचले, तेव्हा अप्पांनी पडद्यावरची सूचना वहीत उतरवूनच ठेवली होती.

विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. अप्पांचा प्रोसेसर सहाव्या पिढीतला. सुरक्षा अपडेट्सना वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, तेही सांगितलं. "म्हणजे एक्स्टेन्शन," अप्पा म्हणाले. "मला अठ्ठावन्नाला कुणी दिलं नव्हतं. मशीन ठणठणीत आहे, फक्त वय झालं म्हणून घरी पाठवायचं. काढ काहीतरी दुसरं."

दुसरं म्हणजे लिनक्स मिंट. मी ऑफिसात लिनक्स वापरते, पण उबुंटू. अप्पांसाठी मिंट निवडलं ते एवढ्याचसाठी, की त्यात मेनूचं बटण खाली डाव्या कोपऱ्यात असतं, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. एमएस-सीआयटीत शिकलेलं सगळं जिथल्या तिथं. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं देतात. २०२१ साली एक उमाही येऊन गेली. त्या दिवाळीत चालू होती ती २२.२, नाव झारा. आई अनारशांच्या तुपापुढून ओरडली, "झारा माझ्या हातात आहे, तिकडं कशाला शोधताय?"

पेन ड्राइव्हवरून मिंट आधी नुसतं चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. अप्पांनी तसं दोन दिवस चालवलं. प्रिंटर काही न घालता लागला, याचं त्यांना फार कौतुक वाटलं. "सी ड्राइव्ह कुठंय?" हा प्रश्न मात्र दिवसातून तीनदा. सी नाही, डी नाही, तुमच्या नावाचं एक घर आहे, त्यात सगळं ठेवायचं, असं सांगितल्यावर म्हणाले, "सात-बारा एकाच नावावर. बरं आहे."

मराठी टायपिंगला तासभर गेला. अप्पा रेमिंग्टनवाले. सत्तरच्या दशकात टाइपरायटरवर बडवलेली बोटं, त्यांना इनस्क्रिप्ट शिकवणं शक्य नाही. मिंटमध्ये आयबस आणि एम१७एन घातलं की मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन, अगदी गमभनसुद्धा दिसतं. अप्पांनी पहिला शब्द टाइप केला 'कऱ्हाड'. दोन-तीन जोडाक्षरांना बोटं अडखळली, एरवी गाडी रुळावर.

मग मी डिस्क पुसून मिंट कायमचं बसवलं. फायली आधीच काढून घेतल्या होत्या, त्यामुळं निर्धास्त होते. संध्याकाळी अप्पांनी १९९८च्या दुष्काळी कामांवरचं प्रकरण उघडलं आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

चूक माझी. अलीकडची प्रकरणं युनिकोडमध्ये होती, पण जुनी चाळीसेक पानं त्यांनी ओळखीच्या डीटीपीवाल्याकडच्या फॉन्टमध्ये केलेली. अशा फायलीत मराठी नसतंच. असतात इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. मी फायली घेतल्या, मुखवटा मात्र पुसून टाकला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्या डीटीपीवाल्याचं बंद दुकान उघडायला लावून फॉन्ट आणला, फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला, लिबरऑफिस बंद करून परत सुरू केलं. पहिल्या ओळीत 'मस्टर' शब्द दिसला तेव्हा कुठं मला फराळाची चव लागली. ती पानं युनिकोडमध्ये करून घ्यायचं अजून राहिलंच आहे. रफार इकडचे तिकडे होतात, म्हणून अप्पा ते स्वतःच ओळ-ओळ तपासत करणार म्हणतात.

पत्त्यांचा खेळ वेगळा उतरवून द्यावा लागला. त्यातल्या पत्त्यांवरची राणी आधीच्यापेक्षा कुरूप आहे, ही त्यांची एकमेव लेखी तक्रार.

परवा फोन आला. "ती खालची ढाल आहे ना, तिच्यावर नारिंगी ठिपका आलाय."

"अपडेट आलेत, अप्पा. तुम्ही म्हणाल तेव्हा होतील."

"चार दिवस झाले, बसलाय गप. मी काही म्हटलंच नाही." आवाजात साहेबी उतरली होती. "सोमवारी बघू म्हणतो."